बेटावर काय पाहावं

बेटावर चार दिवस राहून माणसाला किती अक्कल येते हे पाहायचं असेल, तर मालकीणबाईंच्या दिवाणखान्यातली वही उघडावी. सहा खोल्यांचं त्यांचं पाहुणघर. जाणाऱ्या पाहुण्यानं येणाऱ्यासाठी चार ओळी लिहून ठेवायच्या, बेटावर काय पाहावं, काय करावं, ही तिथली रीत. रीत बाईंनीच पाडली होती आणि तेव्हापासून रोज सकाळी ती वही वाचून त्या स्वतःच्या डोक्याला ताप करून घेत होत्या.

‘सूर्यास्त चुकवू नका.’ जसा काही यांच्या गावी सूर्य मावळायचा राहूनच जातो! ‘उत्तरेच्या किनाऱ्यावर पोहावं, पण पाणी फार खारट आहे.’ याच्या समासात बाईंनी लाल पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘समुद्र आहे, सरबत नव्हे.’ ‘दीपगृहाला पायऱ्या जास्त आहेत.’ त्यावर शेरा, ‘कमी करायला सांगते.’ एका गृहस्थानं इथल्या शांततेची दोन पानं भरून तारीफ केली होती. चारही दिवस हाच गृहस्थ फोनवर ओरडत अंगणात फेऱ्या मारत होता. पाहुणे बाईंचे शेरे वाचून खिदळत, त्यांचे फोटो काढत. त्यालाही बाई नावं ठेवत.

एका प्रकारच्या पानाला मात्र शेरा मिळत नसे. ‘पलीकडे होड्या दुरुस्त करणाऱ्या काकांकडे जरूर जा’ असं कुणी लिहिलं, की ते पान टरकन फाटे आणि थेट चुलीत जाई. हे काका म्हणजे बाईंचा धाकटा भाऊ. दोघांत नऊ वर्षं बोलणं नव्हतं. आई गेल्यावर घराचं पाहुणघर करायला निघालेल्या बहिणीला तो भर अंगणात म्हणाला होता, “आईच्या खोलीत परकी माणसं झोपवणार तू? लाज नाही वाटत?” आणि बाई म्हणाल्या होत्या, “आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा तू कुठल्या होडीखाली लपला होतास?” दोन्ही बोलणी खरी होती, म्हणूनच दोघांच्याही जिव्हारी लागली. तो हत्यारांची पेटी उचलून पलीकडे राहायला गेला.

बेट ते केवढं, पायी तासाभराचं. पण बाईंसमोर त्याचं नाव काढायची कुणाची टाप नव्हती. आधी त्यानं यावं, मग बघू, एवढंच त्यांचं म्हणणं. आणि तो येणार, आज ना उद्या उंबऱ्याशी उभा राहणार, याची त्यांना पक्की खात्री होती. त्याच्या आवडीचा दाट दुधाचा चहा त्या अजूनही घरात कुणाला करू देत नसत. तो आला की मीच करीन, असं त्या स्वतःशीसुद्धा मोठ्यानं म्हणाल्या नव्हत्या.

त्या आठवड्यात वरच्या खोलीत एक निवृत्त शिक्षिका उतरली होती. गुरुवारी सकाळी बाईंनी वही उघडली, तर हिचं पानभर लिहून तयार. जायला अजून चार दिवस, आणि बाईसाहेबांना सूचनांची घाई! अक्षर मोत्यासारखं. पहिलीच ओळ: ‘बेटावरची सर्वांत चांगली गोष्ट म्हणजे होडीवाल्या काकांजवळ तासभर बसणं.’ बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणे सर्वांत चांगली गोष्ट! भाऊ काय प्रेक्षणीय स्थळ आहे? पुढचं वाचायच्या भानगडीत त्या पडल्या नाहीत. पान फाटलं, चुलीत गेलं.

शुक्रवारी दुपारी शिक्षिका उन्हातून तापून परत आली आणि टोपीसुद्धा न काढता बाईंसमोर उभी राहिली.

“तुम्ही धक्क्यावर का नाही आलात?”

“धक्क्यावर काय बघायचंय? चार दोर आणि बोटीचा धूर.”

“तुमचा भाऊ होता तिथं.”

बाईंनी मान वर केली नाही. “असेल. दुरुस्तीला आला असेल.”

“अहो, ते गेले! मुलीकडे, कायमचे. डोळ्यांनी धड दिसत नाही, करवत चालवता येत नाही म्हणाले. तुम्हाला माहीत होतं ना?”

बाईंच्या हातातली उशीची खोळ तशीच राहिली.

“मी म्हटलं होतं, मीच सांगते तुमच्या बहिणीला,” शिक्षिका म्हणाली. “तर म्हणाले, तोंडी नको. माझं नाव काढलंत की ती उठून जाईल. वहीत लिहा. वहीतला शब्दन् शब्द ती वाचते, पाहुणे सांगतात मला. म्हणून मुद्दाम बुधवारीच लिहिलं. पानाच्या शेवटी, त्यांनी सांगितलं तसं.”

“काय सांगितलं होतं?”

“वाचलंत ना तुम्ही?”

“सांगा हो!”

“‘ताई, शुक्रवारी दहाच्या बोटीनं जातोय. घरी यायला हवं होतं, पण तू उंबऱ्यावरून परत पाठवलंस तर आता झेपणार नाही. धक्क्यावर ये. त्या दिवशी मी बोललो ते चुकलं.’”

स्वयंपाकघरात मोलकरीण भांडी घासत होती. तिला गप्प करावं, असं बाईंना वाटलं.

“दोनदा भोंगा वाजला तरी बोटीत चढायच्या फळीवर उभे होते,” शिक्षिकेच्या आवाजात आता सरळसरळ तिटकारा होता. “मी म्हणत होते, येतील, थांबा. तर तेच म्हणाले, जाऊ द्या. वाचूनही आली नाही, म्हणजे अजून राग आहे तिचा.”

“मी वाचलं नाही,” बाई म्हणाल्या. “पहिलीच ओळ वाचली. पुढचं वाचलंच नाही हो मी.”

शिक्षिकेनं टोपी काढून टेबलावर ठेवली.

“त्याच्या मुलीचा पत्ता?” बाईंनी विचारलं. “दिला असेल ना तुम्हाला?”

“मला कशाला देतील?” शिक्षिका म्हणाली. “तुमची भाची ती. तुमच्याकडे असेलच की.”