पाठीवर नसलेला तीळ

“तोंड खाली धर त्याचं. आणि फुंकर मारू नकोस, कितीही मोह झाला तरी.”

हे शब्द मोठ्या डॉक्टरांचे. माझी लेन्स कशी बदलायची हे ते सिस्टरांना शिकवत होते, तेव्हाचे. आणि तोंड म्हणजे माझं तोंड बरं का, मित्रांनो. मी एक जुना कॅमेरा आहे. त्वचेच्या दवाखान्यात, खिडकीजवळच्या कपाटात माझा मुक्काम असतो.

माझा जन्म झाला तो कारखाना इतका स्वच्छ होता, की धूळ कशी असते हे मला ठाऊकच नव्हतं. मला वाटायचं, आपण डोंगर टिपू, पक्षी टिपू. नशिबी आल्या त्या पाठी, कोपरं आणि खाजवून लाल झालेल्या माना! सुरुवातीला मी अगदी भांबावून गेलो. त्या तिळांत एवढं काय बघायचं? मग हळूहळू उमगलं. तीळ वाढतो, रंग बदलतो, आणि ते माणसाच्या ध्यानात राहत नाही. फोटोत मात्र राहतं. “हा कधी थापा मारत नाही,” असं मोठे डॉक्टर येईल त्याला सांगायचे. तेव्हा मला फार बरं वाटायचं.

पुढे त्यांचा हात थरथरू लागला. ते वरच्या मजल्यावरच बसू लागले. दवाखाना त्यांच्या मुलीने, म्हणजे डॉक्टरबाईंनी सांभाळला आणि मी सिस्टरांच्या हाती आलो. सिस्टर जिवाला जीव देणाऱ्या. पण बाहेर पेशंटांची रांग, आत फोनची घंटा. शिकवलेलं थोडं थोडं विसरायला झालं. ज्या टेबलावर त्या कापसाचे बोळे करत, तिथेच त्या माझी लेन्स काढून ठेवत. दुसरी लेन्स सापडेपर्यंत मी आ वासून आढ्याकडे बघत पडलेला असे. कापसाचे तंतू उन्हात तरंगत. मला ते छान दिसत, हो. मला काय कळणार?

एका सकाळी गाणं शिकवणाऱ्या एक बाई त्यांच्या नणंदेला घेऊन आल्या. गाण्याच्या बाईंच्या पाठीवर तीळच तीळ. दर वर्षी मी त्यांचा फोटो काढत असे. त्या दिवशीही काढला. कॉम्प्युटरवर तो उघडला आणि बाईंचा आवाजच बदलला.

“सिस्टर, हा कुठला? हा मागच्या वेळी नव्हता.”

उजव्या खांद्याजवळ एक करडा ठिपका होता. कडा पुसट, आकार वेडावाकडा.

“वळा बघू.” सिस्टरांनी पाठीवर बोट फिरवलं. “हा का? नाही, हा जुना. मग हा... छे, हाही जुनाच.”

“अहो, वहिनींची पाठ म्हणजे चांदण्यांचं आभाळ,” नणंद म्हणाली. “त्यात एखादी जास्त उगवली तर कुणाला पत्ता लागायचा?”

“वन्सं, थट्टा नको. माझ्या ताईचं असंच सुरू झालं होतं. एका तिळापासून. आणि सहा महिन्यांत...”

नणंदेने त्यांचा हात आपल्या हातात घेतला.

मी चक्रावलो. ठिपका फोटोत होता, पाठीवर सापडत नव्हता. मग खरं कोण, मी की पाठ?

सिस्टरांनाही शंका आली असावी. दवाखान्यात कुठलीही अडचण आली, की पहिला उपाय म्हणजे कापूस आणि स्पिरिट! त्यांनी माझी लेन्स काढली, स्पिरिटच्या बोळ्याने पुढूनमागून पुसली. ती परत बसवून, माझ्या पाठीवरच्या चिमुकल्या खिडकीला डोळा लावून पाहिलं. सगळं लख्ख. पुन्हा फोटो काढला. आणि आता ठिपके झाले दोन!

सिस्टर पटकन कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर उभ्या राहिल्या. दुसरा ठिपका त्यांनी बाईंना दिसू दिला नाही.

“डॉक्टरबाई बाहेर गेल्यात. आल्या की लगेच दाखवते. तुम्ही घरी जा.”

“मग फोन कराल?”

“फोन नाही करत. काय असेल ते मी स्वतः घरी येऊन सांगते. आजच.”

“नक्की ना? रात्रभर मला असं ठेवू नका हो.”

“नक्की,” सिस्टर म्हणाल्या.

दुपारी डॉक्टरबाई आल्या. दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावून त्यांनी कपाळाला हात लावला. “सकाळी एक, घटकाभराने दोन? सिस्टर, हे तीळ आहेत की मुंग्या?” मग त्यांनी आदल्या दिवशीचा एका काकांच्या कोपराचा फोटो उघडला. पहिला ठिपका तिथेही होता. अगदी त्याच कोपऱ्यात.

“आता भिंतीचा काढा बरं.”

मी पांढऱ्या भिंतीचा फोटो काढला. दोन ठिपके!

“अगंबाई, भिंतीलाही झाले,” सिस्टर हसल्या आणि हसता हसता स्टुलावर बसून डोळे पुसू लागल्या.

मला मात्र हसू येईना. म्हणजे थापा मीच मारत होतो? आणि मलाच ते दिसत नव्हतं?

मोठे डॉक्टर कठडा धरत जिना उतरून आले. “तुम्ही खिडकीतून बघता ते आरशातलं,” ते म्हणाले. “फोटो उमटतो तो आरशामागे, फोटो काढताना उघडझाप करणाऱ्या पडद्याच्याही मागे. तिथल्या काचेवर धूळ बसली, तर खिडकीतून ती कशी दिसणार? आणि तिथे चित्र उलटं पडतं. फोटोत ठिपका वर, म्हणजे कचरा आत खाली.”

“बाबा, कीबोर्ड साफ करायचा स्प्रे आहे. तो मारू?”

“मुळीच नको. त्यातून गार फवारा उडाला तर काचेवर डाग पडेल. कापूस नको, स्पिरिट नको, बोट तर नकोच. माझा वारा मारायचा रबरी फुगा आणा. आणि आधी बॅटरी पूर्ण भरा. मधेच संपली तर उघडलेला पडदा आणि आरसा धाडकन खाली येतील.”

त्यांचा हात थरथरत होता, म्हणून हात सिस्टरांचे आणि शब्द त्यांचे. खोलीची खिडकी बंद झाली, पंखा बंद झाला, कापसाचा डबा बाहेर गेला. सफाईचं बटण दाबताच माझा आरसा वर गेला, पडदा सरकला. सिस्टरांनी माझं तोंड जमिनीकडे केलं. फुग्याचं टोक बाहेरच ठेवून त्यांनी तो दाबला. फुस्स! माझ्या उघड्या काचेवर वारा आला आणि मी शहारलो.

भिंतीचा फोटो. एक ठिपका गेला, एक राहिला.

“पुसून घेऊ का हलकेच?” सिस्टरांनी विचारलं.

“नाही. पुन्हा वारा. नाहीच गेला तर दुरुस्तीवाल्याकडे देऊ.”

पुन्हा फुस्स. पुन्हा भिंत. या वेळी भिंत कोरी होती.

तशा सिस्टर फोनकडे न वळता थेट चपला शोधू लागल्या.

“थांबा,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “ठिपका धुळीचा होता हे नक्की सांगा. पण त्या धुळीच्या आड खरंच काही असेल, तर ते आपल्याला दिसलेलंच नाही. ह्याला घेऊन जा. स्वच्छ फोटो काढा आणि मला तिथूनच पाठवा.”

मित्रांनो, मी अजूनही गोंधळलेलाच आहे. बाहेरचं कुठलं आणि आपल्या आतलं कुठलं, हे ओळखायचं तरी कसं? एवढंच कळलं, की बघणाऱ्यालाही स्वच्छ ठेवावं लागतं, आणि ते काम घाईचं नाही, रोजच्या नेमाचं आहे. तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद असेल, तर त्याला उघडा टाकू नका. आत काही गेलंच, तर हळू हाताने, नीट विचारून काढा. आमच्या डोळ्यांवर कुणाची तरी झोप अवलंबून असते.

सिस्टरांनी लेन्स घट्ट बसवली, मला पिशवीत घातलं आणि पिशवी पोटाशी धरली. दिवेलागण व्हायला आली होती. त्यांनी दार ओढून घेतलं आणि त्या गाण्याच्या बाईंच्या घराकडे चालू लागल्या.