टोपी घालून बघायची

बुलावायो शहरातलं ते कपड्या-टोप्यांचं तीन मजली जुनं दुकान मी पुन्हा उभं केलं. मी, सिबोनिले, गवंड्याची पोर! छपरातून आभाळ दिसत होतं, जिन्याखाली कबुतरांनी संसार थाटले होते. सगळं निस्तरलं. मालकाशी कडाक्याचं भांडण झालं ते बाजूच्या गल्लीतल्या खिडकीवरून. गोऱ्यांच्या राज्यात आम्हा काळ्यांना पुढच्या दारातून जाता येत नसे, मागायचं ते या खिडकीतून. मालक म्हणाला, बुजवून टाक. मी म्हणाले, आठवण म्हणून राहणार ती, हात तर लावून बघा! आणि तिला झकास हिरवा रंग दिला.

उद्घाटनाच्या दिवशी पुढचं दार सताड उघडं, फीत कापलेली, आणि आत चिटपाखरू नाही. माझा जीव टांगणीला लागला. आई कधीच यायला हवी होती. तिनं या दारातून आत यावं, एवढ्यासाठी तर मी हे काम अंगावर घेतलं होतं.

तेवढ्यात मुकादम म्थुन्झी धावत आला. "बाई, गल्लीत चला आधी!"

गल्लीत हीऽऽ रांग! माकोकोबा वस्तीतल्या साऱ्या म्हाताऱ्या, चर्चचे लाल ब्लाउज घालून, छत्र्या उघडून उभ्या. हिरव्या खिडकीसमोर पहिली माझी आई.

"आई, इथं काय करतेस?"

"रांगेत उभी आहे. डोळे फुटले का तुझे?"

"अगं, पुढचं दार उघडं आहे!"

"असेल. रंग या खिडकीला दिलाय, म्हणजे विक्री इथंच ना? जा, कुणालातरी पाठव. काळी टोपी हवीय मला."

मागून कुणीतरी करवादलं, "मध्ये घुसू नकोस गं पोरी!"

डोकंच सणकलं माझं. पण आईचा हात खिडकीच्या कठड्यावर होता, अगदी सवयीनं ठेवलेला. तो बघून मी तडक आत गेले आणि खिडकी आतून उघडली.

"बोला माडलोडलो, काय हवं?" मी गिऱ्हाइकासारखी तिला माहेरच्या आडनावानं हाक मारली.

"सांगितलं ना, काळी टोपी."

"इथून टोपी मिळणार नाही."

"का म्हणून?"

"घालून बघितल्याशिवाय आम्ही टोपी विकत नाही. आरसा वर आहे."

आईनं कठड्यावरचा हात काढला. लग्नातली टोपी तिनं याच खिडकीतून घेतली होती. घरी जाऊन घातली तर कानांवर उतरली, आणि परत घ्यायला दुकान तयार नव्हतं. फोटोत अजून दिसते ती.

"केवढा आरसा?" तिनं विचारलं.

"माणसाएवढा."

तिनं छत्री मिटली. "चला गं!"

"आणि आमचा नंबर?" मागून गलका झाला.

"नंबर तोच! मी पुढं!"

अख्खी रांग वळली. रस्त्यावरच्या गाड्या थांबल्या. उंबऱ्यापाशी आई जराशी थबकली, पायपुसण्यावर बूट घासले आणि आत आली. मागून बायका आनंदाच्या आरोळ्या ठोकत घुसल्या. मी सगळ्यांदेखत रडले, लाज कसली!

वर आरशासमोर तिनं काळी घातली, मग जांभळी, मग पिसांची. मान वाकडी करकरून बघितलं. टोप्या काढून देता देता विकणारी पोरगी घामाघूम झाली.

"मग, कुठली बांधून देऊ?" मी विचारलं.

आईनं शेवटची टोपी खाली ठेवली आणि छत्री उचलली.

"एकही नको. आवडली नाही," ती रुबाबात म्हणाली. "उद्या परत येऊन बघीन."