चौथा पडदा

"थांबा." जिलानीचाचांनी हात वर केला. "पुन्हा दाबा. तोच पडदा."

रामकिशनने जुन्या गिटारीच्या मानेवरचा चौथा पडदा पुन्हा दाबला आणि तार छेडली. जिलानीचाचांनी डोळे मिटले. मग विकायला ठेवलेली चांगली गिटार मांडीवर घेऊन त्यांनी तीच तार, त्याच पडद्यावर, स्वतः छेडली. नांदेडच्या त्या अरुंद वाद्यांच्या दुकानात दोन सूर शेजारी उभे राहिले. शेजारी, पण एका पातळीवर नव्हे. त्यांच्यामधली हवा काही वेळ थरथरत राहिली.

"ऐकलं?"

"ऐकलं."

"तेरा साल झाले म्हणता, हिच्यावर वाजवून राहिले. अन् कधी खटकलं न्हाई? ये गिटार नहीं है भाई, दाराची फळी है. फळीला तारा लावून दिल्या कुणीतरी तुम्हाला."

ढोलकीच्या दोऱ्या ताणून घ्यायला आलेला एक सरदारजी बाकावरून हसला. "चाचा, गिऱ्हाइकाला असं बोलता म्हणून दुकानात माशी बी येत न्हाई तुमच्या."

"माशी कशाला येईल? तिला पाजायला पाणी कुठं हाय माझ्याकडं?"

रामकिशन हसला नाही. चाचांनी एक दोरा घेतला. मानेच्या टोकापासून तारांखालच्या घोडीपर्यंत ताणला, दुमडला, पुन्हा ताणला आणि चौथ्या पडद्याच्या पितळी पट्टीशेजारी नखाने खूण केली.

"ही त्याची जागा. अन् हा बसलाय इथं. दोन सूत पुढं. वरून तारा एवढ्या उंच, की दाबताना ताणल्याच जातात. म्हणून ही जागा चढी बोलते. बाकीचे पडदे लंगडे हायत, पण हा पक्का झूटा."

"चाचा," रामकिशन म्हणाला, "हिच्यावर कुणाचा गळा बसवला, तर तो बी चढाच बसंल?"

"बसणारच. उस्तादच झूटा, तर शागीर्द काय करंल?"

दुकानाबाहेर एक ऑटो थांबला, गेला. रामकिशनचे बोट अजून चौथ्या पडद्यावरच होते. तिथे त्याला काही जाणवत नव्हते. बोटांच्या टोकांची कातडी केव्हाच मेली होती, आणि या क्षणी ते मरण बोटांतून वर मनगटापर्यंत चढत आल्यासारखे वाटत होते.

भूजल कार्यालयात तो विहिरी मोजत असे. वजन लावलेली फीत काळोखात सोडायची, वजन पाण्याला टेकल्याचा आवाज आला की आकडा वाचायचा, नोंदवहीत लिहायचा. त्या आवाजासाठी त्याचा कान कार्यालयात नावाजलेला होता. लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हा साहेबांनी त्याला मुद्दाम तिकडे मागून घेतले. जिल्ह्याला आता चार वर्षे होत आली होती. कार्यालयाच्या पाटीवर जुन्या जिल्ह्याचे नाव नव्या रंगाखालून अजून दिसत होते.

पंचशीला लग्न होऊन त्याच्या घरी आली, तेव्हा गिटार घरात एक वर्षाची होती. मुदखेडचे तिचे वडील, आबा, स्वतः गाणी रचत. महाडच्या तळ्यावरचे एक गाणे त्यांनी तिला तिच्या सहाव्या वर्षी दिले होते: 'तळ्याच्या काठावर बाई, ओंजळ झाली खरी.' 'ओंजळ' या शब्दावर सूर उंच जाई. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात, नेमक्या त्या जागी, तिचा आवाज आणि त्याची गिटार एकमेकांपासून सुटली.

"उतरून राहिलीस," तो म्हणाला होता. "वर ये."

तिने क्षणभर त्याच्याकडे पाहिले. मग वर आली.

"आजून."

ती आणखी वर आली. महिन्याभरात ती त्या जागी डोळे झाकून पोहोचू लागली. आणि त्याला वाटले, आपण बायकोला सूर शिकवला.

दोन-तीन वर्षांनी तिने रेडिओसाठी चाचणी दिली. गिटार बाहेर ठेवायची होती. आत त्यांची पेटी होती, त्यांचा तबला होता. ती लवकरच बाहेर आली. "एका जागी चढते म्हणाले," एवढेच तिने सांगितले. परतीच्या एसटीत, बायामाणसांच्या देखत, तो म्हणाला, "तुला कानच न्हाई." त्यात रागही नव्हता. विहिरीची खोली सांगावी तसे त्याने ते सांगितले. त्यानंतर ती गायली नाही. रुसली नाही, रडली नाही. आटलेल्या विहिरीवरचा रहाट उतरवून ठेवावा, तसे तिने गाणे उतरवून ठेवले. नऊ वर्षे झाली त्याला.

यंदा त्यालाच ते असह्य झाले होते. चांगली गिटार आणली तर ती ऐकायला तरी बसेल, बसली तर कदाचित गुणगुणेल, एवढ्या आशेवर तो नांदेडला निघाला होता. आदल्या दिवशी तिला म्हणालाही होता, "चलतीस का? तूच निवड."

भाकरी थापताना तिने मान वर केली नव्हती. "मला काय कळतंय त्यातलं? मला कान न्हाई." आपले नावगाव सांगावे, तशा आवाजात.

"ही घेऊन जा," जिलानीचाचा म्हणाले. "ऑर्केस्ट्रातल्या एका पोराची हाय. या दुष्काळात ऑर्केस्ट्रा कोण बोलावतंय? लग्नं चार माणसांत उरकून राहिलेत. लाकूड बघा, कसं बोलतं. बोट नुसतं ठेवा, दाबू नका. अन् ती जुनी राहू द्या इथं. पडदा हवा तर बसवून देतो मी."

"आता बसवून काय करू, चाचा?"

चाचांनी जुनी गिटार भिंतीला टेकवून ठेवली. नवी गिटार त्यांनी जुन्या चादरीत गुंडाळून दिली.

अहमदपूरकडे जाणाऱ्या गाडीत ती गिटार त्याच्या गुडघ्यांमध्ये उभी होती. खिडकीबाहेर रान पांढरे पडले होते. दुःख व्हावे असे त्याला वाटत होते, होत नव्हते. 'वर ये' हे दोन शब्द तेवढे डोक्यात फिरत होते, आणि प्रत्येक फेरीला त्यांतला आवाज आणखी शांत, आणखी मायाळू होत होता. तिला मोडताना तो किती मायेने बोलला होता.

रेणापूरला घरी पोहोचला तेव्हा पंचशीला टँकरच्या रांगेत होती. त्याने गिटार कोपऱ्यात ठेवली. ती परतल्यावर त्याने सांगितले, "आणली." ती म्हणाली, "बरं झालं." सांगायचे होते ते त्याच्या तोंडून निघाले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला जवळच्या खेड्यातली निरीक्षण विहीर मोजायची होती. त्याने फीत सोडली, काठावर वाकला, कान दिला. रिकामी घागर घेऊन त्या गावातली उमाबाई बाजूला उभी राहिली. या विहिरीवर तिने त्याला दर हंगामात पाहिले होते.

"काय म्हणतीया विहीर, साहेब?"

"ऐकून राहिलो."

"ऐका, ऐका. आमच्याशी तर बोलणं सोडलंय तिनं. तुमचा कान मोठा म्हणं, तुमच्याशी बोलंल." ती स्वतःच हसली.

वजन टेकले. पाण्यावर टेकण्याचा एक गोल आवाज असतो. हा तो नव्हता. हा कोरडा, दगडाचा होता. त्याने फीत वर ओढून पुन्हा सोडली. पुन्हा दगड. मागच्या हंगामात, त्याच्या आधीच्या हंगामात जे ऐकले, ते तरी पाणीच होते का, असा विचार त्याच्या मनात आला आणि तो तसाच वाकून राहिला.

"साहेब, चक्कर आली का?"

"न्हाई, मावशी." त्याने नोंदवहीत 'कोरडी' असे लिहिले. अक्षर नेहमीसारखे वळणदार आले.

ऊन उतरताना तो घरी आला. पंचशीला अंगणात तांदूळ निवडत होती. त्याने चादर सोडली, ओट्यावर बसला आणि आबांचे गाणे वाजवू लागला. जपून, बोटे हलकी ठेवून. 'ओंजळ'ची जागा आली. सूर जिथे असायला हवा होता, तिथे अलगद उभा राहिला.

सुपातला तिचा हात थांबला.

"आबा आसंच म्हनायचे," ती म्हणाली.

रामकिशनने तारांवर तळवा ठेवला. "पंचशीला, चूक तुझी नव्हती. जुन्या गिटारीचा पडदाच चुकीचा हुता. चाचांनी दोरा लावून दावलं. तू पहिल्यांदा म्हनली, तेच बरोबर हुतं."

"हाव."

"हाव म्हंजी?"

"मला ठावं हुतं." तिने एक खडा वेचून बाजूला टाकला. "आबांचं अन् तुमचं येगळं हुतं. पहिल्याच दिशी कळलं."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुम्ही म्हनला वर ये. मी आले."

शेजारच्या अंगणात कुणीतरी रिकामी बादली ठेवली. त्याला माफी मागायची होती. पण त्या शब्दाला त्याच्या घरात कधी जागा नव्हती; तो आत कुठून आणायचा हे त्याला कळेना.

"आता म्हन," तो म्हणाला. "तुझ्या आबांचं. खाली."

"नगं."

"एक डाव."

तिने सुपातले तांदूळ बोटांनी सारखे केले. मग, मान वर न करता, तिने सुरुवात केली. नऊ वर्षे न वापरलेला आवाज. कडांना गंजलेला, मध्ये अजून निखळ. 'तळ्याच्या काठावर बाई' सरळ आले. 'ओंजळ'वर तो वर गेला, आणि सरावाने थोडा जास्तच वर गेला. गिटारीचा सूर खाली एकटा राहिला.

ती थांबली. पुन्हा म्हणून पाहिले. पुन्हा तसेच झाले.

"आता गळा ऐकत न्हाई," ती म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. किंचित हसूच होते. "आबांचं गेलं. तुमचंच ऱ्हायलं माझ्याकडं."

रामकिशनने गिटार मांडीवर नीट घेतली.

"वाजवा तुम्ही. चांगली वाजतीया. मी ऐकते."

"म्हन," तो म्हणाला. "येतंय तसं म्हन."

तिने तिसऱ्यांदा उचलले. 'ओंजळ' जवळ येताच त्याने चौथ्या पडद्यावरची तार दाबली आणि आडवी ओढली. चाचांनी जपायला सांगितलेल्या त्या निर्दोष लाकडावर, पडद्याला घासत, बाजूला. सूर जागचा हलला, कण्हला, चढू लागला. बोटाची मेलेली कातडी फाटून तार आतल्या मांसाला लागली, तेव्हा त्याला ती जाणवली. त्याने आणखी ओढली. तिचा आवाज जिथे उभा होता तिथे गिटार पोहोचली, आणि दोघांमधली हवा थरथरायची थांबली.

तिला ते कळले. ती थांबली नाही. पुढच्या ओळीवर गेली.