आत्याबाईंची पहार

गारा पडायला लागल्या की आमच्या उंद्रीत सगळे घरात पळतात आणि माझी सासू अंगणात पळते. हातात लोखंडी पहार. अंगणात लोखंड फेकलं की गारा थांबतात असं आमच्याकडे मानतात, आणि गल्लीत हा मान वच्छलाबाईंचा, म्हणजे माझ्या आत्याबाईंचा. त्यांनी पहार फेकल्याशिवाय बाकीच्या बाया साधा तवासुद्धा उचलत नाहीत.

मला आधी याची नुसती चीड यायची. चिखलीला हवामानाचं प्रशिक्षण घेऊन आले तेव्हापासून भीती वाटायला लागली. गावोगावची माणसं आली होती. कोणता ढग वाईट, गार कशाएवढी, ते ग्रुपवर कसं कळवायचं, म्हणजे पुढची गावं सावध होतात, हे सगळं अनुपमा मॅडमनी शिकवलं. शेवटी म्हणाल्या, "गडगडाट ऐकला की घरात जायचं. झाडाखाली नाही, उघड्यावर नाही, हातात लोखंड तर नाहीच." माझ्या डोळ्यांपुढे आत्याबाईच उभ्या राहिल्या.

घरी येऊन सांगितलं तर म्हणाल्या, "इतकी वर्सं फेकून राह्यली म्या. मले काही झालं?"

"झालं असतं तर सांगाले राह्यल्या असत्या का, आत्याबाई?"

त्यांनी पहार उचलली आणि मुद्दाम दाराशी आणून ठेवली.

त्यात मी हात दाखवून अवलक्षण करून घेतलं. फेब्रुवारीत काळा ढग दिसला म्हणून गावच्या ग्रुपवर टाकलं. आमच्या अंगणापुढेच गजेंद्रभाऊंचं कांद्याचं शेत आहे. तिथे निंदणाऱ्या बाया, भाऊंच्या जयमालावहिनीसकट, काम टाकून घरी आल्या आणि थेंबही पडला नाही. 'पूनमचा ढग' म्हणून गाव आठवडाभर हसलं. मॅडम फोनवर म्हणाल्या, हुकलं तरी कळवणं सोडू नका. त्यांना म्हणायला काय जातं, त्यांना उंद्रीत राहायचं नाही.

मार्चात एका दुपारी मी स्लॅबवर शेवया वाळत घालत होते. पश्चिमेकडून ढग उठला. वर फुगत चाललेला, खाली हिरवट काळा, मॅडमनी दाखवला होता अगदी तसा. दूर गुरगुरलं. मी प्रशिक्षणाच्या ग्रुपवर कळवलं, मग भीतभीत गावच्या ग्रुपवर. लगेच गजेंद्रभाऊंचं उत्तर आलं, 'आज कोनता पिक्चर?'

समोर बाया वाकलेल्याच. पाऊस आला की त्या बांधावरच्या कडुनिंबाखाली जाणार आणि गार आली की आत्याबाई अंगणात येणार. माझ्या हाका मारण्याला आता काही किंमत नव्हती. पण वच्छलाबाईंनी गारेशिवाय लोखंड कधी फेकलं नव्हतं, हे त्या शेतातल्या प्रत्येकीला ठाऊक होतं.

मी धावत खाली गेले. "आत्याबाई, पहार आत्ताच फेका."

"गार कुठी हाय? गार पडल्याबिगर लोखंड फेकत नसते."

"पडल्यावर फेकून पडलेली गार वापस जाते काय? यायच्या आंधीच फेका. आन् फेकली की घरात या. मले तुमी पायजे, आत्याबाई. भांडाले तरी पायजे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आभाळाकडे. "वापस नाही जात, हे खरं हाय," म्हणाल्या, आणि पहार उचलून धुण्याच्या दगडावर अशी आपटली की खणखणाट पार शेतात गेला.

निंदणाऱ्यांतली शालूबाई आधी ताठ झाली. "वच्छलाबाईनं लोखंड टाकलं वं," ती बाकीच्यांना म्हणाली, आणि खुरपी तिथेच टाकून सगळ्या आमच्या घराकडे सुटल्या. मी आत्याबाईंचा दंड धरून त्यांना आत ओढलं.

शेवटची बाई आत आली, थोड्या वेळात गारा सुरू झाल्या. बोराएवढ्या, मग लिंबाएवढ्या. मी खिडकीतून पाहून कळवत राहिले. माझ्याबरोबर प्रशिक्षणाला असलेल्या, पुढच्या गावातल्या हरिओमचं उत्तर आलं, 'मानसं आन् ढोरं आत घेतली.' मग डोळे दिपले आणि भिंती हादरल्या. बांधावरचा कडुनिंब शेंड्यापासून बुडापर्यंत चिरला होता. जयमालावहिनी खाली बसली आणि रडायला लागली. मलाही रडू आलं, पण ते बरं वाटून.

आत्याबाई खिडकीशी उभ्या होत्या. बाहेर पहारीवर गारा ताडताड आपटत होत्या.

"थांबून नाही राह्यली वं," त्या हळूच म्हणाल्या.

"नाही, आत्याबाई. पन बाया आल्या."

त्यांनी वळून घरभर पाहिलं, एकेकीच्या तोंडाकडे. मग माझ्या फोनकडे बोट केलं. "लिंबाएवढी लिवलं ना? मंधात आवळ्याएवढी होती, थे बी लिव."

संध्याकाळी गजेंद्रभाऊ आले. कांदा सगळा आडवा झाला होता, पण त्याबद्दल ते बोललेच नाहीत. "पुढच्या टायमाले ग्रुपवर नोको टाकू, पूनम. मले सिद्धा फोन कर," एवढंच म्हणाले आणि वहिनीला घेऊन गेले.

पहार अजून अंगणातच असते. ढग उठला की आत्याबाई खालून हाक मारतात, "टाकू काय वं?" मी स्लॅबवरून हो म्हटलं की टाकतात आणि घरात येतात.