खांद्याचे चाक आणि उत्पलाची सीट

मी एक जुने चाक आहे, पण गाडीचे नव्हे! काचीगुड्यातल्या इंदुताईंच्या फिजिओथेरपी दवाखान्यात मी भिंतीवर बसवलेले आहे. ज्यांचा खांदा आखडतो ते माझी मूठ धरून मला गोल फिरवतात. त्यांना आधी रडवायचे आणि मग हसवायचे, हा माझा धंदा.

मित्रांनो, मी थोडे गर्विष्ठ आहे. म्हणून विजेची मशिने आली आणि लोक माझ्यावर टॉवेल वाळत घालू लागले, तेव्हा मला फार अपमान वाटला! मग पदवी घेऊन उत्पला तिथे नोकरीला आली. आल्या आल्या तिने टॉवेल काढून फेकले आणि मला पुसून तेल दिले. तेव्हापासून माझा तिच्यावर जीव जडला.

तेवढ्यात राज्याची वाटणी झाली. तेलंगणा वेगळे झाले आणि शहरभर गुलाल उडाला. त्याच दिवसांत उत्पलाला मास्टर्सचे वेध लागले होते. परराज्यातल्या एका चकचकीत खासगी कॉलेजात तिला सीट मिळाली होती, पण त्यासाठी घर गहाण टाकून कर्ज काढावे लागणार होते. आपल्याच शहरातल्या सरकारी कॉलेजात फी किरकोळ होती, पण जागा मोजक्याच.

तिचे वडील सूर्यभान रेल्वेत होते. नांदेडकडून आलेले, स्वभावाने घायकुते. खांदा धरला म्हणून ते रोज संध्याकाळी माझ्याकडे येत.

"सरकारी सीट विसर आता," मला फिरवता फिरवता ते उत्पलाला म्हणाले. "तिथं आधी इथल्या लोकल पोरांचा हक्क. नवं राज्य झालं. आपण मराठी माणसं, आपल्याला कोण लोकल म्हणतंय? उद्या बँकेत सही करून टाकतो."

माझ्या बेअरिंगात धस्स झाले!

इंदुताई मात्र खळखळून हसल्या. "अहो भाऊ, भाषेवरून नाही ठरत ते. पोरगी शिकली कुठं?"

"इथंच शेजारी, नारायणगुड्यात. सगळं तिथंच."

"मग लोकलच की ती! उत्पला, अर्जाची मुदत उद्यापर्यंत आहे. जल्दी कर!"

उत्पलाने अर्ज भरला, प्रवेश परीक्षाही दिली. पण निकाल लागायच्या आधीच खासगी कॉलेजने पैसे मागितले. आज भरा, नाही तर सीट गेली!

"हातची सीट सोडू नक्को," सूर्यभान कळवळून म्हणाले. "त्यांच्याकडं केवढी मशिनं आहेत. कर्ज मी फेडतो ना."

"पप्पा, तुम्ही दोन वर्षांनी रिटायर होणार. मग हप्ते मीच भरायचे. तेवढ्या पगारासाठी मोठ्या हॉस्पिटलात अडकून पडावं लागेल, आणि इथले पेशंट सुटतील. सरकारीत पेशंटची रांग असते, हात चांगला बसतो. नाही लागला नंबर तर पुढच्या वर्षी परत परीक्षा देईन."

मग सूर्यभानांनी स्वतःच बँकेला फोन करून नको म्हणून सांगितले. मला भीती वाटत होती, खोटे कशाला बोलू?

निकालाच्या दिवशी उत्पला धावतच आत शिरली. "लागला! पप्पा, नंबर लागला!"

सूर्यभानांनी मला असे गरगर फिरवले की भिंतीचा चुना पडला. "माझी पोरगी लोकल आहे!" ते सगळ्या दवाखान्याला ओरडून सांगत होते आणि डोळे पुसत होते. पेशंटांनी टाळ्या वाजवल्या.

पुढे इंदुताई थकल्या. दवाखाना बंद होणार, असेच सगळे धरून चालले होते. कमाई बेताचीच होती, पण उत्पलाच्या डोक्यावर कर्ज नव्हते, म्हणून तिने तो चालवायला घेतला. नाही तर मी केव्हाच भंगारात गेले असते!

मित्रांनो, तुम्हीही एक दिवस कॉलेज निवडाल. तिथली इमारत बघा, मशिने बघा. पण शिकून झाल्यावर कर्ज किती राहील आणि मनासारखे काम करता येईल का, याविषयी घरच्यांशी मोकळेपणाने बोला. लाजू नका. बरे, आता मला रजा द्या, कुणीतरी मूठ धरली आहे!