सगळंच महत्त्वाचं

मी एक जुना पिवळा हायलायटर आहे. मित्रांनो, कारखान्यात माझ्या पोटात शाई भरली गेली, तेव्हा मी भलताच ऐटीत होतो. लिहिण्याची कटकट साध्या पेनांनी करावी, आपण फक्त महत्त्वाच्या शब्दांवर उजेड पाडायचा, असा माझा तोरा होता.

मला विकत घेतले ते लाँड्रीत इस्त्री करणाऱ्या एका बाईने. मावशीने तिला वाढवले होते आणि आता थकलेल्या मावशीला ती सांभाळत होती. तिला समुपदेशक व्हायचे होते. त्यासाठी मानसशास्त्राचा पहिला विषय सुटणे भाग होते. त्यात ती दोनदा नापास झाली होती. ही तिसरी संधी शेवटची होती.

वर्गात सर भराभर बोलत आणि ती भराभर टिपून घेई. घरी आली की चटके बसलेल्या बोटांत मला धरून ती वहीवर वाकत असे. आधी व्याख्या रंगल्या. मग उदाहरणे रंगली. मग सरांनी जाता जाता केलेला विनोदही रंगला, न जाणो परीक्षेत आला तर!

"तू आहेस म्हणून निभतंय रे बाबा," ती मला म्हणायची. मी हुरळून जायचो.

स्मरणशक्तीच्या धड्यात सरांनी सांगितले होते, की पुन्हा पुन्हा वाचले की मजकूर ओळखीचा होतो आणि आपल्याला वाटते, हे येतंय; म्हणून वही मिटा आणि आठवून बघा. तिने ते शब्दन्‌शब्द उतरवले, माझ्याकडून दोनदा रंगवले आणि पान उलटले.

मावशी एकदा म्हणाली, "अगं, वही मिटून सांग की मला काहीतरी. मलाही कळेल."

"वेळ कुठे आहे गं मावशी? अजून दोन धडे रंगवायचे राहिलेत."

मला तर मावशीची लुडबुडच वाटली.

परीक्षेत मी बाकावरच होतो. वाचून मजकूर येतोय असे का वाटते, हाच प्रश्न आला. बाईचा चेहरा खुलला, आणि मग हळूहळू उतरला. पेन कागदावर टेकवून ती तशीच बसून राहिली.

निकाल लागला. ती पुन्हा नापास झाली होती. मावशी म्हणाली, "पण तो प्रश्न तुझ्या वहीत होता ना?"

"होता गं. पान डोळ्यांसमोर होतं. डाव्या बाजूला, खाली, पिवळंधमक. त्यावर काय लिहिलंय तेवढंच दिसेना."

दुसऱ्या दिवशी बाई लाँड्रीत गेली आणि शर्टांच्या कॉलरी ताठ करू लागली. समुपदेशक हा शब्द त्या घरात पुन्हा निघाला नाही.

काल वरच्या मजल्यावरची नवी सून आली. तिनेही त्याच विषयाला नाव घातले आहे. बाईने वही तिच्या हातात ठेवली. "हाही घे, थोडी शाई असेल अजून," म्हणत मलाही दिले. "आणि नीट वाच हं. महत्त्वाचं सगळं पिवळं केलंय मी."

सून पाने चाळून हरखली. "किती मेहनत घेतलीत हो ताई! आता मला नुसतं वाचायचंच काम."

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. माझे टोपण हरवले तरी चालेल. पण कोणी त्या जिन्याने जात असाल, तर तिला वही मिटायला सांगा. मला सांगता येत नाही. ती आता खिडकीशी बसून मन लावून वाचते आहे, आणि सगळे येत असल्याचे समाधान तिच्या चेहऱ्यावर पसरले आहे.