पापडाच्या डब्यातले पाने

“अवो, माह्या पापडाच्या डब्यात हे ग्रीस लागलेले पाने कोनं घातले?”

बायकोचा, बयनाबाईंचा आवाज अंगणात आला तेव्हा माणिकराव मोटारसायकलपुढे पाटावर बसून चेन पुसत होते. पुसायला घेतलेलं फडकं बयनाबाईंच्याच लुगड्याचं होतं. म्हणून त्यांनी आधी फडकं मांडीखाली दडवलं, मग उत्तर दिलं.

“डबा रिकामा व्हता. झाकन चांगलं बसते त्याचं.”

“झाकन चांगलं बसते म्हनूनच तं पापडाले ठेवला व्हता!”

माणिकराव आदिलाबादच्या बाजारात कापूस तोलायचा काटा करायचे. सारी नोकरी त्यांनी आपल्या बेला गावाहून याच गाडीवर जाऊन-येऊन केली. निवृत्त झाल्यावर गाडी कमी चालू लागली आणि बिघडू मात्र जास्त लागली. आज ब्रेक वाजतो, उद्या हॉर्न बसतो. मग बस स्टँडजवळ अमृतरावाच्या गाडीदुरुस्तीच्या दुकानात जायचं, बाकड्यावर बसायचं, चहा यायचा. अमृतराव गाडी खोलायचा, आणि दोघं मिळून साऱ्या गावाची मापं काढायचे.

पण गेल्या पोळ्याच्या आधी दुकानात गर्दी होती. माणिकराव गाडी घेऊन गेले आणि म्हणाले, “इंजन कायतरी येगळंच वाजून राह्यलं.”

अमृतरावानं गाडी सुरू केली, कान लावला, बंद केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “गाडीले काई झालं नाई. याले घरी करमत नाई, म्हनून गाडीले बिमार पाडते अन् माह्याकडे आनते.”

लोक खदखदून हसले. माणिकरावही हसले असते, पण बोललेलं खरं होतं.

“आजपासून माह्या गाडीले तुया हात लागनार नाई,” ते म्हणाले. “मी घरीच करतो सारं!”

“कर ना बापा. पन पाना कोन्त्या बाजूनं धरतेत ते इचारून जा!”

माणिकराव तसेच आदिलाबादला गेले. पान्यांचा जोड, दोन पेचकस, पक्कड, प्लग काढायचा पाना, पायानं हवा मारायचा पंप एवढं घेऊन आले. पंक्चरच्या पट्ट्या दुसऱ्या खेपेला आणल्या. उरलेली भरती घरातून झाली. प्लग घासायला दाताचा जुना ब्रश, चेनला तेल सोडायला औषधाची रिकामी बाटली, नटबोल्ट ठेवायला हळदीकुंकवाचं तबक. तबक मात्र बयनाबाईंनी त्याच दिवशी परत नेलं.

पहिल्यांदा त्यांनी मागचं चाक काढलं. सकाळी काढलेलं चाक दुपारी बसलं आणि एक नट हातात उरला. चाक पुन्हा काढलं, पुन्हा बसवलं. नट हातातच. शेवटी बयनाबाई म्हणाल्या, “तो माह्या शिलाई मशीनचा हाय. तीन दिवसांपासून धुंडून राह्यली मी.”

हळूहळू हात बसला. ब्रेक नीट लागू लागला, चेन वाजायची थांबली, एका किकमध्ये गाडी सुरू व्हायला लागली. दिवाळीपर्यंत तिच्यात बिघडण्यासारखं काही उरलं नाही.

आणि तिथंच पंचाईत झाली. जायला कुठं उरलं नाही. बस स्टँडवरून जाताना ते मान ताठ ठेवून सरळ समोर बघायचे. दुकानात अमृतराव बाकड्यावर एकटा बसलेला असायचा. नव्या गाड्यांवाली पोरं आता थेट आदिलाबादला शोरूममध्ये जात. तोही सरळ समोर बघायचा.

माणिकराव दिवसभर घरात. सकाळी हवा बघायचे, दुपारी हवा बघायचे.

“सकाळीच तं पाह्यली! तवापासून काय गाडीनं दम सोडला?” बयनाबाई करवादायच्या. गाडीचं उरकलं की ते घरात शिरायचे. नळाची तोटी आवळून त्यांनी ती मोडली. कपाटाच्या बिजागरीला ग्रीस लावलं, ते बयनाबाईंच्या नव्या पातळाला लागलं.

पापडाच्या डब्यावरून बोलणं झालं त्याच दिवशी भाकरी थापता थापता बयनाबाईंनी त्यांना हाक मारली. “हिंग सरला. बजारातून घेऊन या.”

गाडी एका किकमध्ये सुरू झाली, बस स्टँडपर्यंत गेली आणि फुरफुरून बंद पडली. माणिकरावांनी टाकीचं झाकण उघडून बघितलं. पेट्रोल भरपूर. बरोबर घेतलेल्या पापडाच्या डब्यातले पाने काढले. प्लग खोलला, घासला, लावला. तार बघितली. किका मारून मारून पायाला गोळा आला. सदरा घामानं भिजला. समोर अमृतरावाचं दुकान, आणि तो इकडेच बघत होता.

शेवटी माणिकरावांनी गाडी ढकलत नेली आणि दुकानापुढे उभी केली.

अमृतराव खाली बसला. टाकीखालचा पेट्रोल चालू-बंद करायचा कॉक बंद होता. त्यावर ज्वारीचं पीठ लागलं होतं, दोन बोटांचं, स्पष्ट.

दोघांनीही ते बघितलं. माणिकरावांना वाटलं, आता हा हसणार, साऱ्या बेल्याला सांगणार.

अमृतरावानं फडक्यानं पीठ पुसलं. कॉक तसाच ठेवला.

“मोठं काम निंगलं गड्या,” तो म्हणाला. “कारबोरेटर उतरवा लागते. येळ लागन.”

“लागू दे,” माणिकराव म्हणाले. “हिंगाची काई घाई नाई.”

ते बाकड्यावर बसले. अमृतरावानं चहा सांगितला आणि चांगला चालता कारबोरेटर खोलायला घेतला. पाना नटावर बसेना. त्यानं डोळे बारीक केले, मान मागे नेली, पुन्हा पाना लावला. तो पुन्हा घसरला.

त्याला आता नीट दिसत नव्हतं, हे माणिकरावांना तेव्हा कळलं.

ते उठले, त्याच्या शेजारी उकिडवे बसले आणि त्याचं बोट धरून नटावर ठेवलं.

“बोल,” ते म्हणाले, “गावात काय काय झालं?”